गर्भसंस्कार, उंदीर आणि शेपू

नाकतोडा: ‘गरोदर बाई जे हुंगते-खाते त्यानुसार बाळाच्या वासाचे जीन चालू होतात, सायन्सने सिद्ध केलंय’ ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. कसलं सिद्ध? माणसात वासाच्या रिसेप्टरचे, म्हणजे वास पकडणाऱ्या प्रथिनांचे, कामाचे जीन चारशेच्या आसपास, उंदरात हजारावर. बक आणि ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी १९९१ला ते हुडकले, २००४ला नोबेल घेतलं. नाकातली प्रत्येक चेतापेशी शेवटी त्यातला एकच जीन वापरते, बाकीचे कुलूपबंद. २०१५मध्ये उंदराच्या पेशी एकेक सुट्या करून पाहिल्या, तर कोवळ्या पेशींत बरेच जीन एकदम थोडेथोडे चालू; पेशी पिकली की एकच उरतो. पेशीची तार मेंदूत कुठे जोडली जाणार, तेही बरंचसं त्या जीनवरच ठरतं. कुठला जीन उरणार, हे पेशी नाकाच्या कुठल्या पट्ट्यात आहे त्यावर थोडं अवलंबून, पुढे सगळा मटका. आईने केशरदूध प्यायलं का, हे विचारायला तिथे कोणी बसलेलं नाही.

मोगरा_७: पोस्ट माझी आहे. २०१४चा अमेरिकेतला प्रयोग वाचा आधी. उंदरांना ॲसिटोफेनोन या रसायनाचा वास देऊन शॉक दिले, तर त्यांची पिल्लं आणि नातवंडंसुद्धा त्या वासाला दचकायला लागली!

नाकतोडा: वाचलाय. शॉक मुख्यतः नरांना होते. म्हणजे गर्भसंस्काराला बाबांना बसवा, मी येतो टाळ्या वाजवायला. शिवाय निकाल संशय यावा इतके छान जुळलेत, असा आक्षेप त्याच वर्षी छापून आलाय.

शेपूद्वेष्टी: उंदीर राहू द्या. सातव्या महिन्यापासून सासूबाईंनी मला आठवड्यातून तीनदा शेपू चारला, वर बाळंतपणात बाळंतशेपा. मुलगा आता अकराचा. डब्यात शेपू दिसला की डबा तसाच घरी येतो.

बंड्या: ताई, मूगडाळ घालून, लसूण चांगला लाल करून बघा. शेपूचा दोष नाही.

शेपूद्वेष्टी: माझ्या स्वयंपाकावर घसरायचं काम नाही.

बंड्या: घसरलो कुठे? पाणी घालून शिजवला असणार, एवढंच म्हणतोय.

झील: शेपू काय घेऊन बसलात! सुकट भाजली की आमच्या सोसायटीत मीटिंग लागते.

पिपेटवाली: नाकतोडा, अर्धंच सांगताय. २०००मध्ये फ्रान्समधल्या प्रयोगात ज्या आयांनी गरोदरपणी अनिस नावाचा मसाला खाल्ला, त्यांची नवजात बाळं त्या वासाकडे वळली. बाकीची एकतर नाक मुरडत होती किंवा ढिम्म. गर्भजलातून वास पोचतो. मात्र ती ओळख झाली, जीनची निवड नव्हे.

मोगरा_७: बघा! बडीशेप खा, हेच तर आमची आजी सांगायची.

शेपूद्वेष्टी: अनिस म्हणजे बडीशेप नव्हे हो. वास सारखा, झाड वेगळं.

बंड्या: आणि शेपू तिसराच. उगाच सगळ्यांना एका पातेल्यात घालू नका.

अनामिका_ठाणे: २०२१ला मुलगी पोटात असताना कोविडने माझा वास गेला. व्हायरस वासाच्या चेतापेशींत नाही, मुख्यतः त्यांच्या आधारपेशींत शिरतो, हे मला फार उशिरा कळलं. तोवर गर्भसंस्काराच्या एका वर्गातल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, ‘बाळाचं नाक अधू होणार.’ दोन महिने रडून काढले. परवा कुकरच्या तळाला डाळ लागली, मी ओट्यापाशीच उभी. हॉलमधून पोरगी ओरडली, ‘आई, करपलं!’

मोगरा_७: वाईट वाटलं वाचून. मी असं कुणाला सांगत नाही.

नाकतोडा: ‘वासाची ओळख होते’ एवढं पदरात घ्या, दिलं. ‘जीन चालू होतात’ तेवढं पोस्टमधून काढा.

मोगरा_७: ‘काही तज्ज्ञांच्या मते’ असं जोडते.

नाकतोडा: कोणत्या तज्ज्ञांच्या?

बंड्या: ताई, पाणी घातलं होतं ना?