आयर्लंडचे किल्ले आणि जुनी पवित्र ठिकाणं: गाइडसोबतची सहल घ्यावी का?

चिमूरची_बाई

नमस्कार मंडळी. मी चिमूर तालुक्यातली, शाळेतून निवृत्त झालेली. लेक डब्लिनला नर्स आहे, तुम्ही दोघं या म्हणून केव्हाची मागे लागली आहे. नागपूरच्या एका प्रवासवाल्याने आठवडाभराची गाइडसहित सहल सांगितली. त्यात ब्लार्नी, बनरॅटी, ट्रिम, किल्केनी हे किल्ले आणि कॅशेल, ग्लेंडालॉक, क्लॉनमॅकनॉइज, न्यूग्रेंज, तारा, स्केलिग मायकेल ही जुनी ठिकाणं एवढं सगळं आहे. यांना किल्ल्यांची आवड, मला त्याहून जुनं जे असेल ते पाहायचं आहे. माझे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी. मृग लागायच्या आत परत यावंच लागेल, पेरणीला घरचं माणूस पाहिजे. जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

झाडीपट्टीवाला

ताई, आम्ही नवरा-बायको मागच्या मे महिन्यात जाऊन आलो. तुमची यादी वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

ही यादी एका आठवड्याची नाहीच. न्यूग्रेंज पूर्वेकडे, बनरॅटी पश्चिमेकडे आणि स्केलिग तर पार नैर्ऋत्येच्या समुद्रातलं, जुन्या मठाचं बेट. निम्मा वेळ बसच्या खिडकीतून मेंढ्या पाहण्यात जाईल. स्केलिग आधी काढून टाका. तिथं ६१८ दगडी पायऱ्या आहेत, कठडा नाही, समुद्र खवळला की होडीच निघत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते ठिकाण कोणी सुचवावं हेच मला पटत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. बॉइन नदीच्या खोऱ्याला पूर्ण दोन दिवस द्या आणि किल्ले त्याच्या आजूबाजूचे निवडा. न्यूग्रेंज, नाउथ, डाउथ ही दगड-माती रचून केलेली तीन मोठी प्राचीन थडगी तिथंच आहेत, जुन्या आयरिश राजांची ताराची टेकडी आणि ट्रिमचा किल्लाही जवळच. प्रवास कमी, पाहणं जास्त.

न्यूग्रेंज इसवीसनपूर्व ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही कितीतरी आधीचं. बाहेरून गवत वाढलेली गोल टेकडी दिसते, व्यास जवळपास ८५ मीटर, पायथ्याशी ९७ मोठ्या शिळांचं कडं. आत जायला साधारण १९ मीटरची अरुंद वाट आहे. काही ठिकाणी वाकून, अंग चोरून जावं लागते. मग एकदम दालन लागते आणि मान वर केली की सहा मीटर उंचीचं छत. एकावर एक शिळा थोड्या थोड्या पुढे सरकवत नेल्या आहेत, चुना नाही, आणि पाच हजार वर्षं त्यातून पाणी गळलं नाही. धानाच्या पट्ट्यात राहणारा माणूस मी, दर पावसाळ्यात कौलं चाळणारा. त्या छताखालून माझा पाय निघत नव्हता.

दाराच्या वर एक चौकोनी झरोका आहे. डिसेंबरमध्ये वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमारास उगवत्या सूर्याचा किरण त्यातून शिरतो आणि पार आतल्या दालनापर्यंत येतो. १७ मिनिटं उजेड राहते, मग पुन्हा अंधार. मायकेल ओ'केली नावाच्या पुरातत्त्ववाल्यांनी १९६२ ते १९७५ तिथं उत्खनन केलं. गावकरी सूर्याची गोष्ट सांगत, म्हणून १९६७ च्या डिसेंबरात ते स्वतः आत जाऊन थांबले आणि त्यांनी ते पाहिलं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याला शिकलेल्या माणसाने किंमत दिली, हे मला फार मोलाचं वाटलं. आता त्या दिवसांत आत जायला लॉटरी निघते. बाकी वर्षभर गाइड आतले दिवे मालवून विजेच्या दिव्याने किरण कसा येते ते दाखवते. तेवढ्यानेही माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथं थेट गाडी नेता येत नाही. अभ्यागत केंद्रातून त्यांच्याच बसने, त्यांच्याच गाइडसोबत जायचं. आतला फोटो काढू देत नाहीत. आतल्या फेरीची जागा लवकर भरते, म्हणून प्रवासवाल्याला लेखी विचारा, 'आतला प्रवेश धरला आहे ना?' कित्येक सहली बाहेरून टेकडी दाखवून परत आणतात.

आणि एक विनंती. जायच्या आधी जुनापाणी पाहून जा. नागपूर-काटोल रस्त्यावर, नागपूरच्या अगदी जवळ. जवळपास तीनशे शिलावर्तुळं आहेत तिथं, लोहयुगातल्या माणसांच्या दफनाची. तुमच्याच तालुक्यात हिरापूरलाही मोठ्या शिळा उभारून केलेली जुनी स्मारकं आहेत. न्यूग्रेंज आणि जुनापाणी यांचा एकमेकांशी संबंध नाही, मधे दोन हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. पण मेलेल्या माणसासाठी एवढाल्या शिळा ओढत आणणारे हात आपल्याही मातीत होते, हे डोळ्याने पाहून गेलं की तिथला गाइड काय सांगते ते वेगळंच ऐकू येते. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली जुनापाणीवर लिहिलं, तेव्हाच तिथल्या दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना युरोपातल्या खुणांशी केली होती.

नरनाळा_फॅन

अकोल्याहून लिहितो. झाडीपट्टी भाऊ, बाकी मान्य, पण किल्ल्यांना एवढं मागे काहून सारता? काकांनाही त्यांचं पाहायला मिळालं पाहिजे ना. मी स्वतः गेलो नाही, भाऊ तिकडे शिकायला होता, त्याच्यासोबत वर्षभर वाचत होतो.

काकू, ट्रिम सोडू नका. इंग्लंडहून आलेल्या ह्यू द लेसी या नॉर्मन सरदाराने बाराव्या शतकात सुरू केलेला, आयर्लंडमधला सगळ्यात मोठा अँग्लो-नॉर्मन किल्ला. मधला बालेकिल्ला वीस बाजूंचा आहे. आपले गाविलगड, नरनाळा डोंगराचा आधार घेतात, तिथं सपाट नदीकाठी नुसत्या भिंतीच्या जाडीवर आणि कोनांवर भिस्त आहे. काकांना हा फरक नक्की आवडेल. बालेकिल्ल्यात गाइडसोबतच जाता येते, जिना उभा आहे. तुम्ही खाली अंगणात थांबलात तरी पुष्कळ दिसते.

किल्केनीची गोष्टही ऐकण्यासारखी. बटलर घराण्याकडे तो १३९१ पासून होता. शेवटी खर्च झेपेना, तर १९६७ मध्ये त्यांनी तो अवघ्या ५० पौंडांत गावाच्या हवाली केला. आज आतली दालनं नीट दुरुस्त केलेली आहेत. आपले गोंडराजांचे किल्ले पाहतो तेव्हा मला ही गोष्ट हटकून आठवते.

शिलावर्तुळांचा विषय निघाला म्हणून सांगतो. १८५७ च्या धामधुमीत वऱ्हाडात अधिकारी असलेला मेडोज टेलर, त्याने दख्खनमधल्या अशा दगडी थडग्यांवर निबंध लिहिला होता आणि तो डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीने छापला. म्हणजे डब्लिनच्या अभ्यासकांना आपल्याकडच्या दगडांची खबर तेव्हापासून आहे.

डब्लिनवासी_वणीची

काकू, मी इथंच नोकरीला आहे, कामाचं तेवढं सांगते.

आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसात नाही, त्याचा व्हिसा वेगळा. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. सहलीत तिथलं जायंट्स कॉजवे किंवा डनलूस किल्ला घुसवला असेल तर आयर्लंडचा साधा व्हिसा तिथं चालत नाही. सीमेवर कोणी अडवताना दिसत नाही, म्हणून लोक बिनधास्त जातात. तसं करू नका.

तूप, पेढे, पनीर बॅगेत भरू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत. चटण्या आणि चिवडा मी दरवेळी आणते. बाहेर भाजीचं सूप, सोडा ब्रेड, बटाटा सगळीकडे मिळतो, मात्र सूप कशाच्या पाण्यात केलं ते विचारायचं.

बऱ्याचशा सरकारी वास्तूंना मिळून वर्षभराचं एक हेरिटेज कार्ड मिळते, ज्येष्ठांना सवलतीत. ब्लार्नी आणि बनरॅटी त्यात येत नाहीत. ब्लार्नीचा दगड चुंबला की बोलण्यात गोडी येते म्हणतात, पण त्यासाठी चक्री जिन्याने वर चढून, उताणं होऊन मागे वाकावं लागते. तुमच्या गुडघ्यांना नको.

पवित्र ठिकाणांत किल्डेअरची संत ब्रिजिडची विहीर नक्की घाला. मोठी वास्तू नाही, साधा झरा, पण लोक आजही मनापासून येतात, नवस बोलतात. तिच्या नावाने २०२३ पासून फेब्रुवारीच्या सुरुवातीला देशभर सुट्टी आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रोग पॅट्रिक डोंगरावर हजारो माणसं यात्रेला चढतात, काही अनवाणी. आपली माणसं पचमढीला महादेवाला जातात ना, अगदी तोच भाव. तेव्हा तुम्ही इथं नसाल, पण लेकीला सांगून ठेवा.

चिमूरची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. हिरापूर आमच्या तालुक्यात असून विद्यार्थ्यांना मी ते कधी दाखवलं नाही, येत्या रविवारीच जातो आम्ही. यांनी ट्रिम आणि किल्केनी पक्कं केलं. कॅशेल आणि ग्लेंडालॉकपैकी एकच जमेल असं वाटते, कोणतं घेऊ? आणि न्यूग्रेंजच्या त्या अरुंद वाटेत जीव घाबरा होत नाही ना?

झाडीपट्टीवाला

ताई, तुमच्यासाठी ग्लेंडालॉक. डब्लिनहून जवळ, संत केविनचा सहाव्या शतकातला मठ, दोन तळी, तीसेक मीटर उंच गोल मनोरा आणि बहुतेक वाट सपाट. कॅशेल देखणं आहे, तिथलं ११३४ साली पूर्ण झालेलं कॉरमॅक राजाचं छोटं चर्च मला अजून डोळ्यांपुढे दिसते, पण त्यासाठी दक्षिणेला लांब जावं लागते. किल्केनीला मुक्काम करणार असाल तरच तिथून कॅशेल धरा.

वाटेचं म्हणाल तर आत थोडीच माणसं एका वेळी सोडतात. गाइडला आधी सांगा, म्हणजे ते तुम्हाला दाराजवळ, शेवटी ठेवतील, नको वाटलं तर लगेच बाहेर येता येते. पाठीवर पिशवी नेऊ नका, वाकताना दगडाला घासते. मे महिन्यात रात्री नऊनंतरही उजेड राहते, म्हणून सकाळची घाई करू नका, दुपारची फेरी धरा. स्वेटर आणि पावसाचं जॅकेट मात्र हाताशी ठेवा, तिथं उन्हातही गार वारा सुटते. न्यूग्रेंजची तारीख मिळाली की मगच विमानाचं तिकीट काढा, उलट करू नका.