तेरच्या मृण्मूर्तींवर पीएच.डी. : संग्रहालयाबरोबर काम कसे आखावे?

प्रश्न
सातवाहनकालीन मृण्मूर्ती (भाजलेल्या मातीच्या मूर्ती) हा माझ्या पीएच.डी.चा विषय असून तेर (जि. धाराशिव) येथील शासकीय वस्तुसंग्रहालयाचा संग्रह त्याच्या केंद्रस्थानी आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडलेल्या वस्तू जपल्या, म्हणून हा ठेवा टिकला. मात्र अशा वस्तूंचा उत्खननातील थर, आणि त्यावरून त्यांचा काळ, सांगता येत नाही. दुहेरी साच्यात (पुढचा व मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत काढून जोडलेल्या) घडवलेल्या मूर्ती हाताळून, मोजून आणि जमल्यास मातीचे पृथक्करण करून पाहायच्या आहेत. परवानगी मागताना काय मागावे, आणि संग्रहालयाला मी काय देऊ शकेन?

प्रतिसाद १ (अभिरक्षक म्हणजे क्युरेटर, अन्य संग्रहालय)
अर्ज पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे मार्गदर्शकांच्या पत्रासह करावा. ‘संग्रह पाहायचा आहे’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर निर्णय घेणे आम्हांला अवघड जाते. कोणत्या वस्तू, कोणत्या कामासाठी आणि छायाचित्रे कुठे छापणार, हे आधीच कळले तर कपाट उघडणाऱ्या माणसाचा वेळही वाचतो. तप्तदीप्ती कालमापनासाठी, म्हणजे माती केव्हा भाजली गेली हे ठरवण्यासाठी, मूर्तीला भोक पाडून भुकटी काढावी लागते. एकमेव मूर्तीबाबत अशी परवानगी मी कधीच देणार नाही. हातात धरण्याजोग्या क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने नमुना न काढता पृष्ठभागाची रासायनिक घडण मोजता येते, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.

प्रतिसाद २ (विद्यापीठातील मार्गदर्शक)
ब्रिटनमध्ये 2005 पासून सुरू झालेल्या सहयोगी डॉक्टरेट योजनेत विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक विद्यापीठातला आणि दुसरा संग्रहालयातला मिळतो, आणि संशोधनाचा प्रश्नही दोघे मिळून ठरवतात. आपल्याकडे निदान अभिरक्षकांना संशोधन आराखडा लिहितानाच सोबत घ्यावे, कारण कोणती वस्तू कोणाच्या शेतातून आली, ही माहिती पुष्कळदा नोंदवहीत नसून त्यांच्या स्मरणात असते. ती लिहून काढणे हेच तुमचे सर्वांत मोलाचे देणे ठरेल. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली तयार केली आहे; तेरच्या संग्रहालयात प्रणाली कोणती वापरतात ते विचारून नोंदी त्याच साच्यात द्याव्यात.

प्रतिसाद ३ (संशोधक)
वरील सूचनेला एक पुस्ती जोडतो. नोंदी करून देण्याचे काम किती वस्तूंपुरते, हे लेखी ठरवावे. अन्यथा शिष्यवृत्तीचा काळ सूचीकरणातच संपतो आणि प्रबंध मागे राहतो. नोंदींवर विद्यार्थ्याचे नाव असावे आणि प्रबंधाची एक प्रत संग्रहालयात पोहोचावी, या दोन्ही अटी त्याच पत्रात घालाव्यात.