कारडेल जोन्स बाकावरून उठला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

पावशेर
काल लेक तोंड पाडून घरी आला. शाळेच्या सॉकर टीममध्ये हा गोलकीपर नंबर तीन. म्हणजे पहिले दोघे एकाच दिवशी आजारी पडले तर याचा नंबर. कांदा चिरता चिरता मी म्हटलं, "अरे, कारडेलपण तिसराच होता." "कोण कारडेल?" झालं! तिथून जी सुरू झाले ती भात करपेपर्यंत.

२०१४. मी अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात एमएसला. ऑगस्टमध्ये आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून खेळ चालवणारा, ब्रॅक्स्टन मिलर याचा खांदा गेला. त्याच्या जागी जे. टी. बॅरेट. त्याला सूर सापडला, तर मिशिगनच्या मॅचमध्ये त्याचा घोटा मोडला. मग तिसरा, हा कारडेल. क्लीव्हलंडचा, सहा फूट पाच इंच, आणि आम्हाला माहीत होता तो फक्त २०१२ च्या ट्वीटमुळे: आम्ही इथे फुटबॉल खेळायला आलोय, शाळा-शाळा खेळायला नाही, अशा अर्थाचं. आम्ही तर फक्त शाळा-शाळाच खेळायला गेलेलो, तेही कर्ज काढून. त्यामुळे फार राग. ६ डिसेंबरला विस्कॉन्सिनविरुद्ध त्याची पहिलीच स्टार्ट, आणि मी मुद्दाम बघायला बसले, फजिती बघायला. खोटं कशाला बोलू. ५९-०! मांडीवर स्टॅटिस्टिक्सची वही होती, तिच्यावर चहा सांडला. डाग अजून आहे.

येऊ द्या तुमच्याही आठवणी.

आडगावचा_गडी
पहिला मी! लोकलमध्ये आहे, घरी गेल्यावर सविस्तर लिहितो.

निवांत काकू
मला यातलं ओ की ठो कळत नाही पण करपलेल्या भातावर पावाचा तुकडा ठेवून झाकण लाव ग. वास जातो.

धुरकट
कॅम्पसशेजारच्या हाय स्ट्रीटवर होतो. १२ जानेवारी, फायनलमध्ये ओरेगॉनला ४२-२० हरवलं ती रात्र. थंडी म्हणजे नाकातलं पाणी गोठेल अशी आणि सगळी पोरं रस्त्यावर. काही जण स्टेडियममध्ये घुसले, गोलपोस्ट आडवा केला. मग अश्रुधूर. तेवढ्यात आईचा फोन, तिकडे सकाळ, ती तिळगूळ वळत होती. "रडतोयस का रे?" म्हटलं सर्दी झालीय. "मफलर घे." अजूनपर्यंत तिला खरं माहीत नाही, इथे ती येत नाही म्हणून लिहितोय.

धुरकटची_आई
😡

धुरकट
हा आयडी कोणी काढला????

मोजूनमापून
ताई, धागा छान, पण ५९-० मधला ० कारडेलने नाही केला. विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन, बॉल घेऊन पळणारा, हाइझमनच्या (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) शेवटच्या यादीतला माणूस, त्याला बचावफळीने ७६ यार्डांवर रोखलं. कारडेलने लांब फेकायचं आणि डेव्हिन स्मिथने जाऊन घ्यायचं, त्याचेच तीन टचडाउन (आपल्या भाषेत गोल). पुढच्या दोन मॅचेसमध्ये इझिकेल एलियटचे पळून २३० आणि २४६ यार्ड. कारडेल आवडतोच, पण आपल्याकडे एकाला खांद्यावर घेतलं की बाकीच्यांना पायी चालवायची सवय आहे.

पावशेर
मान्य, मान्य. पण लेकाला गॉर्डनचे यार्ड सांगून काय उपयोग होता हो काका?

मोजूनमापून
काका? माझं वय ३४.

ओलीबाळंतीण (आता वाळलेली)
शुगर बोल, म्हणजे सेमीफायनल! १ जानेवारी, समोर अलाबामा. मुलगी तीन आठवड्यांची, मांडीवर जरा कुठे डोळा लागलेला. टीव्हीचा आवाज बंद. २१-६ ने मागे होतो तेव्हा नवरा झोपायला निघाला, मी म्हटलं बस गप. मग आमच्या इव्हन स्पेन्सरनेच, म्हणजे ज्याचं काम बॉल झेलायचं, त्याने पास फेकून टचडाउन करवला, मध्यंतराला २१-२०. मध्यरात्रीच्या सुमाराला एलियट ८५ यार्ड पळाला आणि नवरा उशीत तोंड खुपसून ओरडला. मुलगी हललीसुद्धा नाही. ४२-३५. तिची एक ढेकर काढायची राहिली त्या गडबडीत, पुढे दोन तास रडली.

निवांत काकू
ढेकर काढायचीच असते हो. 🙏

वरच्या_गावचा
अ‍ॅन आर्बरहून, म्हणजे मिशिगनकडून हजेरी. आपल्या मॅचच्या आठवड्यात तुमच्या कॅम्पसभर पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम'वर लाल फुली मारतात, ते बघून एका नातेवाइकाने मला विचारलं होतं, "अरे, इथे रंगकाम चाललंय का?" बाकी घोटा आमच्या मॅचमध्ये मोडला म्हणून तुम्हाला कारडेल मिळाला. आभार मानायची पद्धत आहे की नाही?

धुरकट
४२-२८ हरून आभार मागणारे तुम्हीच.

पालघर फास्ट
मला हे वाचताना सारखा गाबा आठवतोय. जानेवारी २०२१, निम्मी टीम जायबंदी, आणि आपला शार्दूल व वॉशिंग्टन सुंदर यांची १२३ ची भागीदारी. शार्दूल पालघरहून किट घेऊन लोकलने यायचा. विरारला त्या किटसकट चढून दाखवा, मग क्वार्टरबॅकचं सांगा.

आडगावचा_गडी
लोकलचा विषय निघालाय म्हणून, आत्ता भाईंदरला पंधरा मिनिटं उभी आहे गाडी. कोणाला काही माहिती?

शाईचा डाग
मी तेव्हा ओहायो स्टेटला शिकवायचे (टीए, म्हणजे प्राध्यापकांची मदतनीस). ट्वीटचा राग सगळ्यांनाच होता, पण तीन विजयांनंतर तो लगेच एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) जाईल असं जो तो धरून चालला होता. तो राहिला. पुढच्या मोसमात बॅरेटने जागा परत घेतली, हा पुन्हा बाकावर. २०१६ ला एनएफएलच्या खेळाडू-निवडीत बफेलोच्या टीमने चौथ्या फेरीत उचललं. आणि २०१७ मध्ये पठ्ठ्याने पदवी पूर्ण केली, टोपीवर स्वतःचंच ते 'शाळा-शाळा'चं वाक्य लिहून आला! माझे दोन विद्यार्थी, अतिशय हुशार, सगळे ए, पदवी न घेता गेले. सहज आठवलं.

पावशेर
@शाईचा डाग, टोपीचा फोटो लेकाला दाखवला. हसला. मग इस्त्रीचे कपडे घड्या घालताना मध्येच विचारतो, "आई, त्या दुसऱ्याचा घोटा बरा झाला होता ना?" म्हटलं हो, वर लिहिलंय बघ, पुढच्या वर्षी तोच खेळला. "मग ठीक आहे," म्हणाला आणि मोजे शोधायला गेला. त्यांच्या पहिल्या गोलकीपरचा हात प्लास्टरमध्ये आहे, हे मला आत्ता कळतंय.

निवांत काकू
पाव ठेवलास का?

पावशेर
ठेवला काकू. पावाला वास लागला, भाताचा गेला नाही.