चित्रकाराने रंग सोडून शेण-कोळसा का हातात घ्यावा?

रानवारा (धागा)

परवा दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं की आजचे कलाकार हाताला लागेल ते उचलतात, दालनात आणून मांडतात आणि त्याला कला म्हणतात. स्टीलची भांडी, गोवऱ्या, केस, डांबराचे ड्रम. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

वस्तू साधी की महाग, हा प्रश्न माझ्या मते गौण आहे. ती त्या माणसाच्या जगण्यातून आली आहे का आणि तिला वगळून तीच गोष्ट सांगता आली असती का, एवढंच बघावं.

प्रभाकर पाचपुते घ्या. जन्म १९८६, चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती गाव. घरातल्या मागच्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. खैरागडला शिल्पकला शिकले, पुढे बडोद्याला. ते दालनाच्या भिंतीवरच चारकोलने काढतात. धड खाणकामगाराचं आणि मुंडक्याच्या जागी खाणीतला दिवा. कुठे मुंडक्याच्या जागी अवजार. प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा पांढरी करतात, चित्र गेलं. ज्या गावाच्या पायाखालची जमीनच उपसून नेतात, त्या गावाचं चित्र सोनेरी चौकटीत कायमचं बसवलेलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं.

दुसऱ्या शीला गौडा. मूळच्या चित्रकार, शांतिनिकेतन आणि लंडनला शिकलेल्या. १९९२ च्या सुमारास, दंगलींच्या त्या काळात, त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि शेण हातात घेतलं. पुढे 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' (माझी वेदना त्याला सांग) या कामात त्यांनी सुयांमध्ये लांबच लांब दोरे ओवले, सगळे दोरे एकत्र करून त्यांना डिंक आणि कुंकू चोळलं. त्यातून झालेला लाल दोर दालनभर भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून छताकडे फिरतो. लांबून बघणाऱ्याला तो आतड्यासारखा दिसतो. जवळ गेलं की टोकाला सुयांचा झुबका लटकलेला, आणि मग कळतं की दोऱ्याचा प्रत्येक पदर एकेका सुईच्या नेढ्यातून गेलेला आहे. इतकं शिवणकाम, इतकं कुंकू, आणि हाती कापड काहीच नाही. हे कॅनव्हासवर लाल रंगाने कसं सांगणार?

चौकट

मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेली आहेत, त्यामुळे माझा राग कुठून येतो ते समजून घ्या.

पहिला मुद्दा. चारकोल म्हणजे लाकडाचा कोळसा. वेलीच्या किंवा विलोच्या काड्या हवा न लागू देता जाळून तो करतात. चंद्रपूरच्या खाणीतल्या दगडी कोळशाशी त्याचं नातं रंगापुरतं. पाचपुतेंचं काम चांगलं आहे कारण त्यांची रेषा चांगली आहे. वजन कुठे द्यायचं, खांदा किती वाकवायचा, रेषा कुठे तोडायची, हे त्यांना येतं. पेन्सिल दिली तरी येईल. तुम्ही श्रेय माध्यमाला देताय, ते हाताचं आहे.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. भिंतीवरचा मजकूर काढून टाका आणि तुमची ही मांडणशिल्पं, म्हणजे दालनात वस्तू मांडून केलेली कामं, बघा. किती बोलतील? चित्रकार हळदणकरांची दिवा झाकून उभी असलेली बाई बघायला कुणाला चिठ्ठी वाचावी लागत नाही. बोटांच्या फटींतून येणारा उजेड जलरंगात धरलाय, शेतकरी बघतो आणि प्राध्यापकही बघतो. गौडाबाईंच्या दोराबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला तुमच्या लिहिण्यातून भिडलं. दोर नुसता पाहून भिडला असता का, याची मला शंका आहे.

रानवारा

चौकट सर, चारकोल खाणीतून येतो असं मी म्हटलेलंच नाही. तो हाताला लागतो, झडतो, फुंकर मारली तरी उडतो आणि पुसता येतो. खाणीच्या गावात धूळ कशी सगळ्यावर बसते हे चारकोल दाखवतो, पेन्सिल नाही दाखवत. रेषेबद्दल तुमचं माझं एकमत आहे. पण ती पुसून टाकण्याचा निर्णयही त्या कामाचा भाग आहे. चित्रकार नलिनी मालानींनी १९९२ मध्ये मुंबईत केमोल्ड या कलादालनाच्या भिंतींवर 'सिटी ऑफ डिझायर्स' काढलं आणि शेवटी पुसलं. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं डोळ्यांदेखत नष्ट होत होती, त्याबद्दलचं ते काम होतं. ते जपून ठेवलं असतं तर अर्थच उलटा झाला असता.

चिठ्ठीचं म्हणाल तर आपल्याला दिवा धरलेली बाई ओळखीची आहे म्हणून ती चिठ्ठीविना कळते. कुंकू आणि सुई तर त्याहून ओळखीची. आपण दालनात शिरलो की ही ओळख बाहेर ठेवून येतो.

सूर्या नदीकाठी

दोघेही मोठ्या शहराच्या दालनांतच फिरताय. शेणावरच बोलायचं असेल तर डहाणूकडे बघा.

वारली घरात लग्नाच्या वेळी भिंत शेणाने सारवतात, वर गेरू, आणि तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक काढतात. काडी बांबूची, टोक चघळून मऊ केलेलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी पुरुष असून हे काम हातात घेतलं आणि लग्नाची वाट न बघता रोज काढायला लागले. भास्कर कुलकर्णींनी त्यांचं काम बाहेर आणलं, १९७५ मध्ये मुंबईत केमोल्डमध्ये प्रदर्शन झालं. शेणाने सारवलेल्या कागदावर आणि कापडावर मासे धरणारी जाळी, मुंग्या, रेल्वे, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. त्यांची जाळी कधी जवळून बघा. हजारो बारीक टिंबं आणि रेघा, आणि सगळं जाळं वाऱ्यावर हलल्यासारखं.

१९९७ मध्ये मोदीनगरला 'खोज' या कलाकारांच्या संस्थेच्या कार्यशाळेत शिल्पकार सुबोध गुप्तांनी गोवऱ्या रचून एक गोल खोली उभी केली, 'माय मदर अँड मी'. ते 'समकालीन' ठरलं. त्याच्या वीसेक वर्षं आधी शेणावर काढणारे मशे मात्र 'आदिवासी लोककलाकार'. शेण तेच. पद्मश्री दिली २०११ मध्ये, पण आजही त्यांचं चित्र हस्तकलेच्या दुकानाशेजारी लावतात. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मशे होते आणि इंग्रज कलाकार रिचर्ड लाँगही होता, जो चिखलाने भिंतीवर वर्तुळं काढतो. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला तर दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं. जर्मनीतल्या संग्रहालयाला हे दोघे बरोबरीचे वाटले. आपल्याला का वाटत नाहीत?

रानवारा म्हणतात तसं जगण्यातून आलेलं माध्यम हीच कसोटी असेल, तर मशे या यादीत सगळ्यात वर हवेत. तुमच्या धाग्यात त्यांचं नावही नव्हतं.

ताळेबंद

मला पैशाचं बोलायचं आहे, कारण इथे कुणी बोलत नाही. गुप्तांची स्टीलची भांडी २००६ मध्ये पॅरिसच्या एका चर्चमध्ये मोठी कवटी होऊन आली, 'व्हेरी हंग्री गॉड'. फ्रेंच अब्जाधीश पिनोंच्या संग्रहात गेली आणि पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये कालव्याकाठी त्यांच्या महालापुढे मांडली गेली. भूक हा विषय. भांडी बिहारच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघराची. मालक अब्जाधीश. यात फसवणूक नाही, मान्य. काम दिमाखदार आहे, स्टीलच्या प्रत्येक वाटीत बघणाऱ्याचा चेहरा दिसतो. पण 'जगण्यातून आलं' हे वाक्य कलाकाराच्या बाबतीत खरं असलं तरी विकत घेणाऱ्याला ते जगणं टांगून ठेवायला मिळतं. शीला गौडांच्या 'बिहोल्ड'मध्ये चार किलोमीटर केसांचा दोर आहे, देवळात उतरवलेल्या केसांचा. गाड्यांच्या बंपरला दृष्ट लागू नये म्हणून ड्रायव्हर बांधतात तसला. दोर वळणाऱ्याला त्यातलं काय मिळालं, हा प्रश्न विचारला की चर्चा थांबते.

पितळी घंगाळ

ताळेबंद, दोर विकत घेतला म्हणजे त्याची मजुरी दिली गेली. हाच हिशोब ब्राँझ ओतणाऱ्या कारागिराबद्दल कुणी विचारत नाही, कारण ब्राँझ 'उच्च' आहे.

आणि शेणाबद्दल एक गोष्ट सगळे पुरुष विसरले. गोवऱ्या थापतं कोण? सारवतं कोण? रुमाना हुसेन मुंबईच्या. १९९२ नंतर त्यांनी फुटके मातीचे घडे, विटेचा चुरा, गेरू घेऊन काम केलं आणि पुढे आपलं शरीरच माध्यम केलं. अर्धा घडा जमिनीवर ठेवलेला असतो आणि त्यातून फुटलेलं घर दिसतं, फुटलेलं पोट दिसतं. १९९९ मध्ये त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नाही. या बायांनी स्वयंपाकघरातल्या आणि देवघरातल्या वस्तू दालनात आणल्या त्या गंमत म्हणून नाही. रंगाची भाषा ज्यांनी घडवली त्यांच्या चित्रांत बाई नुसती बसलेली असायची.

उतरंड फोडा

वरच्या सगळ्यांना एक विचारतो. शेण तुमच्या घरी पवित्र, आमच्या आज्जीला मात्र दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन काढावं लागे. 'भारतीय मातीचं माध्यम' म्हणून ते दालनात आलं की हा फरक पुसला जातो. म्हणून मला प्रभाकर कांबळेंची 'उतरंड' जवळची वाटते. २०२२ मध्ये बर्लिनच्या द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, होती. मडकी आणि धातूची भांडी एकावर एक. कुणाच्या डोक्यावर कोण बसलंय हे सांगायला चिठ्ठी लागत नाही, चौकट सर. त्याच वर्षी अमोल पाटील जर्मनीतल्याच डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात होते, सफाई कामगारांचं जगणं आणि आजोबांच्या पोवाड्याचा वारसा घेऊन.

पण रानवारा, तुमची कसोटी मला घातक वाटते. जगण्यातून आलेली वस्तू हवी म्हणजे पाचपुतेंनी जन्मभर खाणच काढायची आणि आम्ही जन्मभर मडकं आणि झाडू? नागपूरच्या सवी सावरकरांनी एचिंग, म्हणजे पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, केलं. धातूचा पत्रा, ॲसिड, छापखान्याचं यंत्र, सगळं युरोपातून आलेलं. त्यातून गळ्यात मडकं बांधलेला माणूस छापला. मडकं आणून ठेवायची त्यांना गरज पडली नाही. माध्यम परक्याचं, म्हणणं आपलं. तुमच्या कसोटीवर हे नापास होतं.

चौकट

सावरकरांचं नाव काढलंत, बरं केलंत. ती जाड काळी रेषा मी मुलांना दाखवतो. तिथे तुम्ही माझ्या बाजूचे झालात.

उतरंड फोडा

नाही सर. तुमच्या शाळेत रेषा शिकवतात, पण ती कुणाबद्दल काढायची हे परीक्षेच्या विषयपत्रिकेत नसतं. दिवाळी, बाजार, बसस्टॉप. सावरकरांनी रेषा तुमच्याकडून घेतली असेल, मडकं नाही घेतलं.

रानवारा

माझी कसोटी सगळ्या कलेला लावायची नव्हती आणि एचिंगला तर मुळीच नाही. जो खरी वस्तू उचलून दालनात आणतो त्याच्यापुरती ती आहे. मडकं कागदावर छापणाऱ्याला मी विचारणार नाही की हे कुठून आणलंस. मडकंच आणून ठेवणाऱ्याला मात्र विचारणार, कुणाचं आहे, कुणी वाहिलं, आणि तुझं त्याच्याशी काय नातं. पाचपुतेंना खाण सोडायची मोकळीक आहेच. कार्डिफच्या प्रदर्शनासाठी त्यांनी वेल्समधल्या खाणकामगारांच्या निशाणांचा अभ्यास केला आणि इथल्या शेतकऱ्यांचे मोर्चे कापडावर आणले. सास्तीच्या बाहेर गेले, तरी मला ते काम त्यांचंच वाटतं.

मशेंचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त टोचतो. लोककला आणि समकालीन ही दोन कपाटं सरकारी संग्रहालयांनी आणि बाजाराने केली, आणि आपण बघणारेही तीच वापरतो. तलासरी, डहाणू, जव्हारकडे आज काढणाऱ्या तरुण मुलामुलींच्या चित्रांवर त्यांचं नाव, साल आणि माध्यम लिहून ती इतर चित्रकारांच्या रांगेत टांगायला काय हरकत आहे? सूर्या नदीकाठी, तुमच्या भागात असं काम करणारे कोण आहेत त्यावर स्वतंत्र धागा काढा. मी वाचायला आणि भांडायला तिथे येतो.