वलगणीचे मासे आणि चौथीचा वर्ग

खाडीकाठची:
पहिला जोरदार पाऊस झाला, पऱ्ह्याला (ओढ्याला) वलगणीचे म्हणजे चढणीचे मासे आले आणि लेकाचा अर्धा वर्ग टोपल्या घेऊन तिकडेच. बाई ओरडल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, गाबोळीने (अंड्यांनी) पोट भरलेला मासा धरावा का? तासभर भांडण! एक म्हणे सोडला तर पुढल्या वर्षी जास्त मिळतील, आमचा म्हणे पण आजीला गाबोळी आवडते, एक मुलगी म्हणाली तो अंडी घालायलाच वर चढतो ना, आपण त्याला वाटेतच गाठतो. मला जाम आवडलं. नवरा म्हणतो वेळ फुकट घालवला. तुमचं काय मत?

पागवाला:
नवऱ्याला अनुमोदन. ब्लीचिंग पावडर टाकून अख्खी कोंड (डोह) मारणारे मोकळे आणि नीतिपाठ पोरांच्या टोपलीतल्या चार माशांवर! आमका कोणी शिकवल्यान ह्या?

खाडीकाठची:
अहो, धरू नका असं बाई म्हणाल्याच नाहीत.

खडूफळा:
मी शिक्षक आहे म्हणून बोलतो. मॅथ्यू लिपमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने मुलांना तत्त्वज्ञान शिकवायला १९७४ मध्ये संस्था काढली, त्याचं म्हणणं की चिकित्सक आणि सर्जक विचारासारखाच आस्थेचाही विचार असतो, म्हणजे आपल्याला कशाची किंमत वाटते हे ठरवणं हासुद्धा विचारच. नुसता तर्क शिकवला की पोरगं वाद जिंकतं, पण त्यात कोणाचं काय जातंय ते त्याला दिसत नाही. मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर सुविचार लिहून काय होतं ते रोज बघतोय (दुपारपर्यंत पुसलेला असतो).

चिपळूणची_पोर:
सर, पण चर्चेने होतं का हो? रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या वेळास गावात पूर्वी कासवाची अंडी लोक उकरून न्यायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावालाच हाताशी धरून घरटी राखली, तिथली पोरं पिल्लं पाण्यात जाताना बघत मोठी झाली. हाताने केलं की कळतं, बोलून नाही.

पागवाला:
पर्यटक आले, घरोघरी खोल्या भाड्याने गेल्या, म्हणून राखली. पैसा आला की आस्था येते.

खडूफळा:
आणि पैसा बंद झाला की? तेव्हा काय करायचं ते बोलायला नको का आत्ताच?

खाडीकाठची:
काल लेकाने दोन आणले, पोटुशी होती ती सोडली. आजीला म्हणतो, तुला चालेल ना? आजी दोन मिनिटं गप्प, मग सार वाढून घेतलं.

पागवाला:
ते ऱ्हाऊंदे, कुठला मासा सोडलान पण?