दिवसभर थांबून तीन मिनिटं

स्पर्धांमुळे मुलं नाच विसरून फक्त ट्रॉफ्या मोजतात, असं एका ताईंनी लिहिलंय. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आम्ही घणसोलीला राहतो, मुलगी नऊ वर्षांची, कथक शिकते. गेल्या वर्षी वाशीतल्या एका स्पर्धेत सकाळी आठला हजर राहायला सांगितलं आणि नाव पुकारलं दुपारी तीनला. तोवर काजळ ओघळलेलं, घुंगरांच्या दोरीने घोटे लाल झालेले, पोटात एक केळं. तीन मिनिटांत संपलं. नंबर नाही.

राग मला आला, तिला नाही! ती विंगेतून मोठ्या मुलींचा ततकार, म्हणजे तालावरचं पायांचं काम, बघत बसली होती. परतीच्या ठाणे लोकलच्या खडखडाटात मांडीवर बोटांनी त्याचेच बोल, 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्', चालू. हे तिला घरी बसून मिळालं नसतं.

तरी आता वर्षाला दोनच स्पर्धा. बाकी वेळ गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथकच्या परीक्षेला. तिथे हाताने ताल देत बोल म्हणून दाखवावे लागतात, त्याने लय पक्की होते. आणि घुंगरांखाली बांधायला मऊ सुती पट्टी जरूर न्या.