मोटरहोममागे गाडी बांधून घाट चढणारे बिनडोक?

भटकभवानी
कालच्या कोलोरॅडोच्या धाग्यावर डेन्व्हरकर आम्हा मोटरहोमवाल्यांबद्दल (म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणारे) लिहून गेले: 'मोटरहोममागे गाडी बांधून रॉकीजमध्ये येणारे बिनडोक. मुक्कामाला पोचा आणि गाडी भाड्याने घ्या.' तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं.

भाड्याने म्हणजे कुठून हो? सिल्व्हर्टनसारख्या डोंगरातल्या छोट्या गावात काय काउंटर लावून बसलेत आपल्यासाठी? मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांहून लांब वाहन नेता येत नाही. कोलोरॅडोतल्या इंडिपेंडन्स पासला, म्हणजे घाटाला, ३५ फुटांची मर्यादा, तीही मागे बांधलेलं धरून. म्हणजे छोटी गाडी हवीच. आमची जीप रँग्लर चारही चाकांवर मागून येते. ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा गियरबॉक्स) न्यूट्रलला, टो बार म्हणजे ओढायचा दांडा, सेफ्टी केबल आणि तिच्या पेडलवर स्वतंत्र ब्रेक. मी ब्रेक दाबला की तीही दाबते. सुटलीच तर ब्रेकअवे स्विच तिला थांबवतो. यात बिनडोक काय, ते सांगा.

डेन्व्हरकर
ताई, तुमच्यासारखं सगळे करत नाहीत, हाच तर मुद्दा आहे. आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे ७ टक्के उतार आहे. तिथले ब्रेक गेलेले ट्रक अडवायचे रॅम्प शोभेला नाही बांधलेले. फोर्डच्या ई-४५० चॅसिसवर मोटरहोम असलेले म्हणतात, गाडीच्या वजनाची मर्यादा १४,५०० पौंड, जोडीची २२,०००, म्हणजे मागे ७,५०० चालतं. हिचची, म्हणजे मागच्या जोडणीची, मर्यादा वेगळी असते आणि पुष्कळदा त्याहून कमी, ती कोण वाचतं? उंचावर टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के दम घालवतं. ११,००० फुटांवर एक तृतीयांश इंजिन घरीच राहिलं म्हणा.

सातारी_कंदी
उतरायचं नंतर बघू, चढताना तुम्ही लोक ताशी २५ मैलांनी चालता त्याचं काय? मागच्या उन्हाळ्यात एका मोटरहोममागे आमची वरात निघाली. टर्नआउट (बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यायची जागा) आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. आत बसलेला माणूस निवांत. कॅलिफोर्नियात दोन लेनच्या रस्त्यावर मागे पाच गाड्या साठल्या की हळू वाहनाने बाजूला व्हावं असा कायदाच आहे.

भटकभवानी
मी होते बाजूला! आणि जागा देताना मागून हॉर्न मारणारेही तुम्हीच असता.

सातारी_कंदी
हॉर्न मी मारत नाही. दिवे दाखवतो.

शंकेखोर
म्हणजे तेच. आणि वळणावर ओव्हरटेक करणारे कोण? कोलोरॅडोतल्या यूएस ५५० रस्त्यावर, युरे ते सिल्व्हर्टन, कितीतरी ठिकाणी कठडासुद्धा नाही. तिथे एक पिकअपवाला आमच्या अंगावरून पुढे गेला, बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू पिकअप मीच चालवत होतो.

सातारी_कंदी
पिकअपवाल्याला तुम्हीच कंटाळवलं असणार.

डेन्व्हरकर
अहो, धागा टर्नआउटचा नाहीये!

घाटमाथा
असू दे की, तोही प्रश्न खराच आहे. पण मूळ मुद्दा गियरचा. माझे काका खंबाटकीला ट्रक चालवायचे. ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर, एवढंच सांगायचे. इथे मात्र गाडी ड्राइव्हमध्ये, पाय सतत ब्रेकवर, आणि खाली पोचल्यावर विचारतात धूर कसला. उतारावर गियर खालचा ठेवणारं टो/हॉल बटण शोभेला आहे का? डिझेल असेल तर एक्झॉस्ट ब्रेक लावा, तो इंजिनाचा धूर अडवून वेग रोखतो. मोटरहोमचं इंजिन सगळं वजन धरतं, पाय मधूनमधून, जोरात आणि थोडा वेळ.

आणि वायोमिंगमधल्या टेटन पासला १० टक्के उतार आहे. आम्ही घाटाआधी व्हिक्टर गावालाच मागची गाडी सोडवतो. मी मोटरहोममध्ये, बायको गाडीत. टो बारवाली गाडी मागे रिव्हर्स घेता येत नाही, हे ज्याला पेट्रोल पंपावर कळलं त्याला घाटात सांगावं लागत नाही.

भटकभवानी
सोडवून न्यायचं हे मान्य. पण त्याला भाड्याची गाडी म्हणत नाहीत, डेन्व्हरकर.

डेन्व्हरकर
बरं, स्वतंत्र ब्रेक, वजनाचा हिशेब आणि एक्झॉस्ट ब्रेक असेल तर बिनडोक शब्द मागे. तुमच्यापुरता. डॉलीवर (दोन चाकांच्या ओढगाड्यावर) गाडीची पुढची चाकं चढवून ब्रेकशिवाय निघणाऱ्यांसाठी तो राहूच दे.

सातारी_कंदी
आणि टर्नआउट?